ओपनजीएल: काचेमागची काच एका बाजूने दिसते, दुसऱ्या बाजूने गायब?

प्रश्न: मंडळी, ओपनजीएल (ग्राफिक्स काढायचा प्रोग्रॅमिंग इंटरफेस) वापरून छोटा थ्रीडी गेम लिहितोय, त्यात निळी आणि लाल अशा दोन काचा आहेत, दोन्हीचा अल्फा (अपारदर्शकता) ०.५. ब्लेंडिंग (मागच्या रंगात नवा रंग मिसळणं) चालू आहे, पण कॅमेरा फिरवून पलीकडे गेलो की मागची काच दिसतच नाही, समोरच्या काचेतून थेट भिंत दिसते. तीन दिवस झाले डोकं खातोय, प्लीज सांगा.

उत्तर १: डेप्थ बफरमुळे होतंय हे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर सर्वात जवळचं काय किती लांब आहे याच्या नोंदीमुळे. जवळची काच आधी काढली (म्हणजे पडद्यावर रेखाटली) की ती आपली डेप्थ लिहून ठेवते, मग मागची काच डेप्थ टेस्टमध्ये (नोंदीपेक्षा लांबचं काढू न देणारी तपासणी) नापास होते. आधी सगळ्या भरीव वस्तू काढ, मग डेप्थ मास्क (डेप्थ लिहायची परवानगी) बंद करून काचा काढ, टेस्ट मात्र चालूच ठेव नाहीतर काचा भिंतीतूनही दिसतील. आणि फ्रेम संपली की मास्क परत चालू कर, नाहीतर डेप्थ बफर क्लिअरच होत नाही, मी यातच एक अख्खी रात्र घालवलीय.

उत्तर २: एवढ्याने भागणार नाही, सॉर्टिंगही लागेल, म्हणजे काचा अंतराच्या क्रमाने काढायच्या, लांबची आधी. पांढऱ्यावर निळी मग लाल काढलीस तर (लाल, हिरवा, निळा) या क्रमाने (०.७५, ०.२५, ०.५) येतं, उलट केलंस तर (०.५, ०.२५, ०.७५), म्हणजे रंगच बदलतो. काचा एकमेकीत घुसल्या असतील तर कुठलाच क्रम बरोबर येत नाही, त्या कापाव्याच लागतात.

प्रश्नकर्ता: मास्क बंद केल्यावर दिसायला लागली!! सॉर्टिंग आज रात्री करतो, खूप आभार दोघांचे.