होई आन (व्हिएतनाम) : ज्येष्ठ आणि शाकाहारी आई-बाबांसह पाच दिवस, सल्ला हवा आहे

मोगरा
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन मध्य व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरात पाच दिवस राहण्याचा विचार आहे. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, बाबा अंडेही खात नाहीत, आणि जवळच्या मी सन येथील शिवमंदिरे पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. हा काळ योग्य आहे का, जेवणाचे कसे जमवावे आणि तिथे वागताना कोणत्या रीती पाळाव्यात, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

वाटाड्या
मोगराताई, तिकिटे काढली नसतील तर आधी तारखा बदला. आपल्याकडे पाऊस ओसरतो त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिथला पाऊस भरात येतो आणि थू बोन नदीचे पाणी जुन्या गावात शिरते. तिथल्या जुन्या घरांच्या माळ्याला मुद्दाम झडपेचे तोंड ठेवलेले असते, पूर आला की सामान त्यातून वर ओढून घेतात. तान की नावाच्या घरात तर कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढले याच्या खुणा भिंतीवर आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. मात्र ‘तेत’ हे त्यांचे चांद्र नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते, तेव्हा बरीच दुकाने आणि खाणावळी काही दिवस बंद असतात. तो आठवडा टाळावा.

दा नांगच्या विमानतळावरून होई आन सुमारे ३० किलोमीटर आहे. ई-व्हिसाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे लिहा. नोटा देताना बाबांना सांभाळायला सांगा, कारण २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असून संध्याकाळच्या उजेडात सहज गफलत होते. ज्या नोटेवर होई आनचा जपानी पूल आहे ती २०,०००ची, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

सुगरण
आमच्या घरीही कडक शाकाहार आहे, म्हणून जेवणाविषयी जरा सविस्तर लिहिते. ‘चाय’ हा शब्द पाठ करा. तिथे त्याचा चहाशी काही संबंध नाही, ‘आन चाय’ म्हणजे शाकाहार करणे. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास ताटात माशांपासून केलेले ‘न्युओक माम’ येऊ शकते, कारण ते तिथल्या स्वयंपाकात आपल्या मिठासारखे सर्वत्र असते. पाटीवर ‘चाय’ लिहिलेली खाणावळ सर्वांत निर्धास्त. ‘काओ लाउ’ या तिथल्या खास जाड शेवयांवर एरवी डुकराचे मांस असते, पण त्यांचाही चाय प्रकार मिळतो. अंड्याचे मात्र वेगळे विचारावे. ‘अंडेही नको’ हे वाक्य व्हिएतनामी भाषेत मोबाइलवर लिहून ठेवा.

बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, तेव्हा चाय पदार्थ अधिक मिळतात. चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. म्हणून तारखा ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा आणि शुद्ध चतुर्दशी-पौर्णिमा मुक्कामात येईल असे पाहा. दोन्ही पंचांगांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेव्हा नेमकी तारीख हॉटेलकडून पक्की करावी.

चाफा
मी सनविषयी. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे अनेक शतके चाम राजे (इथल्या प्राचीन चंपा राज्याचे) तिथे विटांची मंदिरे बांधत, संस्कृतात शिलालेख कोरत राहिले. १९६९च्या अमेरिकी बाँबफेकीत तिथले सर्वांत भव्य मंदिर पडले. अलीकडे आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही मंदिरसमूहांचे जतन केले आणि त्या कामातच २०२०मध्ये नवव्या शतकातील अखंड शिवलिंग सापडले. बाबांना हे आधी माहीत असेल तर त्या भग्न भिंती त्यांच्याशी बोलतील.

माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी दा नांगचे चाम शिल्पसंग्रहालय पाहा, कारण मी सनमधील कितीतरी उत्तम शिल्पे तिथे आहेत आणि ती सावलीत, बसत-उठत पाहता येतात. मी सन होई आनपासून साधारण ४० किलोमीटर आहे. पहाटेच निघा, प्रवेशद्वारापासून काही अंतर विजेच्या गाडीने जाता येते, पण पुढची वाट खडबडीत आहे, तेव्हा काठी बरोबर असू द्या.

रीतींबाबत थोडक्यात : देवळात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, भाताच्या वाडग्यात जेवणाच्या काड्या उभ्या खोचू नयेत (त्याने मृतांसाठीच्या उदबत्तीच्या विधीची आठवण होते), पैसे किंवा वस्तू वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी द्यावी. पाहण्यास खुल्या असलेल्या काही जुन्या घरांत कुटुंबे अजून राहतात, तिथल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्याला हात लावू नये. ते लोकही आपल्यासारखे नात्याने हाक मारतात : मावशीच्या वयाच्या बाईला ‘को’, आजीला ‘बा’, आजोबांना ‘ओंग’. तुमच्या बाबांनाही कुणीतरी ‘ओंग’ म्हणेल.

मोगरा
सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीचा बेत रद्द केला आहे. आता होळीच्या सुमारास, फाल्गुन शुद्ध द्वादशीला पोहोचून पौर्णिमेनंतर परतायचे ठरवते आहे. बाबांनी संग्रहालय आधी आणि मी सन नंतर हा क्रम लगेच मान्य केला, आणि आई ‘को’ म्हणण्याचा सराव करते आहे.