मदत हवी आहे: डोंगर वाचवायचाय, पण येतोय सौर प्रकल्प. आमच्या हवामान गटानं काय करावं?

बालाघाटची लेक:

नमस्कार. माझं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. नाव मुद्दाम लिहीत नाही, वातावरण तापलेलं आहे. मी शिकायला संभाजीनगरला असते. हवामान बदलावर काम करणारा आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. काम म्हणजे काय, तर क्रांती चौकात फलक धरून उभं राहायचं. छत्तीसगडच्या हसदेव जंगलासाठी उभे राहिलो, आरेच्या झाडांवर शाळांतून बोललो. आता पाळी माझ्याच गावावर आलीय आणि मला काही सुचेना.

डोंगराच्या उतारावर शंभरेक एकर रान आहे. कागदावर ‘पडीक’. प्रत्यक्षात सीताफळ, धावडा, हिवर, बोर आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. आजी दसऱ्यापासून पहाटे वर जायची. डोळे उघडलेली तेवढीच फळं तोडायची, घरी गवतात आढी लावायची आणि तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन स्टँडवर. आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या पाटीतून निघायचा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या डोंगरावर ते फळ ज्या झाडांना लागतं ती झाडं सरकारच्या लेखी नाहीतच.

गेल्या महिन्यात मोजणीवाले आले, चुन्याच्या खुणा करून गेले. सौर प्रकल्प म्हणे. बायका आणि मेंढरंवाले अडवायला उभे राहिले. ज्यांची विहीर-बागायत आहे ते गप्प आहेत. कारण त्यांना दिवसा वीज हवीय, आणि त्यात चूक काय? रात्री दोन वाजता थंडीत मोटार चालू करायला माझे वडीलही जातात.

आमच्या गटात तर भांडणच लागलं. ‘कोळसा नको, सूर्य हवा’ हा फलक मीच रंगवला होता. गावातले एक आजोबा तो फोटो बघून म्हणाले, “पोरी, परळीच्या वीजकेंद्राची राख आम्हीच खाल्ली, आता तुझा सूर्यपण आमच्याच टाळक्यावर का?” मी काय बोलणार.

तर विचारायचंय असं: पाठिंबा द्यायचा तर कसा? मोर्चा न्यावा का? आणि आधी कोणते कागद काढावेत?

निवृत्त तलाठी:

ताई, मोर्चा राहू द्या, आधी दप्तर बघा. गट नंबर घेऊन सातबारा काढा, मग गाव नमुना १ आणि १-अ च्या नकला मागा. १-अ ही वनजमिनींची नोंदवही. त्यात तुमचा गट निघाला तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीशिवाय ती जमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. न निघाला तरी हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सांगितलंय की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे वन आहे ते वनच. मात्र वन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यावर वाद चालू आहे, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. जमीन गायरान असेल तर जगपाल सिंग प्रकरणाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल वाचा, गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं त्यात सांगितलंय.

नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांची मुदत असते. जनसुनावणीची वाट बघत बसू नका. सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून सुनावणीही होत नाही. तुमचं बोलणं ऐकून घेणारी जागा एकच, ग्रामसभा. ठरावात ‘विरोध’ एवढं लिहून भागत नाही. रानात काय आहे आणि त्यावर कोण जगतं ते लिहून घ्या.

गायरानकरी:

‘गायरान वाचवा’ म्हणताना जरा जपून. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलित कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळलाय. दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा सत्याग्रह याच जमिनीसाठी होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आहे, तरी कितीजण अजून सातबाऱ्यासाठी खेटे घालतायत. तुमच्या डोंगराच्या पायथ्याला कोणाचं वहितीचं शेत आहे का? असेल तर पहिली बैठक त्यांच्या ओट्यावर घ्या. नाहीतर उद्या तुमचाच अर्ज दाखवून त्यांना उठवतील. शहरातल्या पर्यावरणवाल्यांकडून हे आधी झालंय, म्हणून बोलतोय. राग मानू नका.

रानवाटा:

जर्मनीत हामबाखच्या जंगलात २०१२ पासून पोरं झाडांवर घरं बांधून राहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टानं तोड थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी हजारो लोक तिथं जमले. पण तिथं झाडांखाली कोळसा होता, हवामानवाल्यांना बाजू निवडायला अडचण नव्हती. तुमचं तसं नाही. म्हणून ‘सौरऊर्जा नको’ हे वाक्य तोंडातूनसुद्धा काढू नका, बागायतदार तिथंच तुटतील. जागा बदला म्हणा. सबस्टेशनजवळ खरंच उजाड जमीन कुठं आहे ते गावाकडूनच नकाशावर दाखवून घ्या.

गटातली पोरं कामाला लावायची तर झाडं मोजायला लावा. छातीच्या उंचीला घेर, झाडाचं गावातलं नाव, फोटोत ठिकाण आणि तारीख. बरोबर गावातली एक जाणती बाई पाहिजेच, नाहीतर धावडा कोणता हे सांगायला कोणी नसतं. पोलिसांनी नोटीस दिली तर घाबरू नका. पूर्वी १४९ ची म्हणायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८. नोटीस म्हणजे अटक नव्हे. प्रत घ्या, तारीख टाकून सही करा.

बालाघाटची लेक:

सगळ्यांचे आभार. गायरानकरी दादा, राग कसला? पायथ्याला चार घरांची वहिती आहे, आणि खरं सांगते, मी त्यांना धरलंच नव्हतं. रविवारी त्यांच्याकडे बसलो. त्यांची अट एकच, ठरावात त्यांची शेतं वेगळी दाखवायची. मान्य केलं.

नकला आल्या. जमिनीचे दोन गट आहेत. वरचा १-अ मध्ये निघाला, खालचा गायरान. म्हणजे चुन्याच्या निम्म्याअधिक खुणा वनजमिनीत आहेत. वनरक्षकाला विचारलं तर म्हणाले, साहेबांना विचारा. अर्ज टाकलाय. आमच्या हवामान गटातल्या दोघांना अजून हे पटत नाही, ते आले नाहीत. बाकी आठजण काल मुक्कामी आले, फलक न घेता. सकाळी मावशीबरोबर टेप घेऊन वर गेलो, दुपारपर्यंत ११२ झाडं झाली.

आता एक अडलंय. सीताफळाला बुडातूनच चार-पाच खोडं फुटतात. एक झाड धरायचं की पाच? मावशी म्हणते एक, आमच्यातला एक मुलगा म्हणतो पाच लिहा, आकडा मोठा दिसेल.

निवृत्त तलाठी:

मावशीचं ऐका. बूड एक तर झाड एक. खोडं किती ते शेजारच्या रकान्यात लिहा. फुगवलेला एक आकडा सापडला की पंचनाम्याला आलेला माणूस उरलेली सगळी यादी बाजूला ठेवतो. मीही ठेवायचो.