जाजरकोटला मदत: टेम्पोभर कपडे न्यावेत का?

फोंड्याचा बाबू
दिवाळीत नरकासुराचा पुतळा करायला काढलेल्या वर्गणीतले पैसे मंडळाकडे उरलेत. नाक्यावरच्या हॉटेलातले दोन आचारी नेपाळच्या जाजरकोटचे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री भूकंपात दोघांची घरं पडली. माणसं वाचली, पण शेतात त्रिपालाखाली झोपतात. पोरांनी देवळाच्या सभागृहात कपड्यांचा डोंगर घातलाय, टेम्पो सीमेपर्यंत न्यायचा म्हणतात. कुणाला अनुभव आहे?

डिचोलीचे भाऊ
बाबू, टेम्पो थांबव. मी मूळचा औशाचा, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागात पाहणीच्या कामावर होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती नि वरचं जड माळवद अंगावर आलं. जाजरकोटलाही घरं दगडमातीचीच, म्हणून तर ५.७ च्या धक्क्याने दीडशेच्या वर माणसं गेली.

कपड्यांचं सांगतो. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना फ्रॉक आणि सफारीचे कोट आले. रस्त्याकडेला पडून भिजले, मग ते उचलायला माणसं लावावी लागली.

आधी विचारा. घरं मोजू नका, चुली मोजा. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतात, यादीत मात्र एकच घर लागतं आणि दोघं भाऊ रिकाम्या हाती राहतात. आज रात्री कोण कुठे झोपणार? पाणी कुठून? बाळंतीण कोण, रोजची गोळी कुणाची बुडाली? नुकतंच घरात आलेलं धान्य ढिगाऱ्याखाली आहे का? हे बायकांना वेगळं बसवून विचारायचं, पुढाऱ्यासमोर त्या बोलत नाहीत. आणि शेवटच्या वस्तीपर्यंत जायचं. रस्त्यालगतच्या गावाला तीनदा ब्लँकेट मिळतात, डोंगरावरच्याला एकदाही नाही.

माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर आणि दिवसाला १५ लिटर पाणी, हा जगभर मानलेला किमान हिशेब. त्यात कपडे कुठे बसतात बघ. त्यापेक्षा पैसेच पाठव.

म्हापशाची मीनल
भाऊ, पैसे पोचल्याची खात्री काय? कपडे निदान डोळ्यांना दिसतात. आणि फोंड्यात बसून बाबू बायकांना वेगळं कसं बसवणार?

डिचोलीचे भाऊ
फोनवर, मीनलताई. आचाऱ्यांच्या आया-बहिणी आहेत ना! पैशांचं म्हणाल तर हे आचारी घरी पाठवतातच की. बँकेतून नेपाळला रक्कम जायची रीतसर सोय आहे, एका वेळी दोन लाखांपर्यंत. पावती मंडळाच्या फलकावर लावा. माल न्यायचा तर सीमेवरच्या रुपईडिहाला सीमाशुल्क, पुढे नेपाळगंज, सुर्खेत आणि मग घाट. भाड्याच्या पैशांत तिथेच जस्ती पत्रे येतील. आज तात्पुरती खोपी, उद्या पक्क्या घरावर तोच पत्रा. उघड्यावर थंडी मारते तिथे, घाई पत्र्यांची आणि ब्लँकेटची करा.

फोंड्याचा बाबू
बरें भाऊ. काल आचाऱ्यांना घरी फोन लावायला सांगितला. एकाच्या घरी पत्रेच हवेत, चुली दोन निघाल्या. दुसऱ्याची आई म्हणते, आधी म्हशीला आडोसा करा, दूध आटलं तर नातवाला काय पाजू? हे आमच्या यादीत नव्हतंच. टेम्पोवाल्याकडून आगाऊ रक्कम परत मिळवतोय. कपड्यांतले लोकरीचे चांगले तेवढे आचाऱ्यांनी निवडले, उरलेल्यांचं काय करायचं ते पोरांनी बघावं.