मदत हवी आहे: हाताने गुंडाळलेला स्ट्रॅट पिकअप संच, ब्रिज दबका वाजतोय

तारयंत्र

स्ट्रॅटोकास्टरसाठी (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात स्ट्रॅट) पन्नासच्या दशकाच्या धाटणीचा तीन सिंगल कॉइल पिकअपचा संच घरी गुंडाळला आहे. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणारी, चुंबकांवरची तांब्याच्या तारेची गुंडाळी. गिटारच्या मानेजवळचा नेक आणि मधला मिडल मोकळे, घंटेसारखे वाजतात. तारा टेकतात त्या ब्रिजपाशचा पिकअप मात्र घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो आणि त्याचा आवाजही कमी आहे.

तपशील असा. वरची पट्टी १.६ मिमी आणि खालची २.४ मिमी, दोन्ही काळ्या व्हल्कनाइज्ड फायबरच्या. चुंबक म्हणून ॲल्निको ५ या ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या ४.८ मिमी व्यासाच्या दांड्या, आल्यावर निओडिमियमने भारलेल्या. तार तपकीर गल्लीतून आणलेली, ४६ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश तारमाप), मोटर रीवाइंडिंगला वापरतात ती. नेक आणि मिडलला ८००० वेढे, ब्रिजला ८६००. शिलाई मशीनच्या मोटरवर फिरवून तार बोटांनी इकडेतिकडे सरकवत गुंडाळली. मल्टिमीटरवर नेक ६.९, मिडल ६.९५, ब्रिज ७.५ किलोओहम. जुन्या स्ट्रॅटचा आकडा ६ च्या आसपास असतो, म्हणजे तिन्हीत वेढे जास्त झालेत का?

आणखी दोन तक्रारी. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावला की तिन्ही पिकअप शिट्टी मारतात. शिवाय स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत (जिथे मिडलबरोबर ब्रिज किंवा नेक वाजतो) आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा होतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दुसरा_फ्रेट

७.५ म्हणजे ओव्हरवाउंडच आहे. हजारभर वेढे उलगडून काढा, आवाज खुलेल.

नारायणपेठी

थांबा, आधी हिशेब करा. उलगडलेली तार परत बसत नाही.

जुन्या स्ट्रॅटची तार अमेरिकन मापाची ४२ एडब्ल्यूजी, म्हणजे नुसतं तांबं ०.०६३५ मिमी. आपली ४६ एसडब्ल्यूजी ०.०६१ मिमी. फरक केसाएवढाही नाही, पण मीटरमागे ५.४ ओहमऐवजी ५.९ भरतात, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. ६ चे तिथेच ६.५ झाले. दुसरं, तुम्ही मोजलंत कधी? एप्रिलच्या दुपारी खोलीत ३६ अंश असतील, तर २० अंशांच्या मानाने तांब्याचा रोध आणखी सहा टक्क्यांनी वाढतो. ६.५ चे ६.९ झाले. तुमचा आकडा बरोब्बर जुळतो, वेढे मोजण्यात चूक नाही. ब्रिजचं गणितही असंच ७.५ वर येतं.

ओहमवरून आवाजाचा अंदाज बांधणं हे मुळातच चुकीचं व्यसन आहे. आवाज ठरतो इंडक्टन्सवर, म्हणजे गुंडाळी बदलत्या प्रवाहाला किती अडवते त्यावर. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर मिळवा आणि तिन्ही पिकअप १०० किंवा १२० हर्ट्झला आणि १ किलोहर्ट्झला मोजून टाका. सोबत हेही लिहा: पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या खुंट्यांखालचे फिरते रोध) किती किलोओहमचे आहेत (दुकानदाराने सांगितलेले नकोत, मोजलेले हवेत), ब्रिजला टोन जोडला आहे का, केबल किती लांब.

अवांतर: दुकानात नुसतं ‘४२ नंबर’ मागणाऱ्यांनी सावध राहा. आपल्याकडे नंबर म्हणजे एसडब्ल्यूजी. ती तार ०.१०१६ मिमी निघते. तिचे ८००० वेढे स्ट्रॅटच्या सांगाड्यावर मावतच नाहीत.

भोसरी_लेथ

मला वेढे आतल्या आत शॉर्ट झाल्याची शंका येते. बोटांनी गुंडाळताना एनॅमल खरवडलं जातं. शॉर्ट झालेला भाग बंद वळ्यासारखा वागून ट्रेबल खातो आणि ओहममध्ये काही कळत नाही.

नारायणपेठी

ही समजूत सगळीकडे आहे, पण आकडे मांडून बघा. ८६०० पैकी तीन टक्के वेढे शॉर्ट झाले, तर परिणाम पिकअपला समांतर सव्वादोनशे किलोओहम लावल्यासारखा. म्हणजे आणखी एक व्हॉल्यूम पॉट जोडल्याइतका. धार थोडी बोथट होईल, घोंगडी येणार नाही. घोंगडी यायला दहा-बारा टक्के तरी वेढे शॉर्ट हवेत, आणि मग ओहम तेवढेच उतरलेले दिसतील. इथे ७.५ पूर्ण आहेत. तेव्हा शॉर्ट नाही.

तारयंत्र

मोजलं. पॉट २४० आणि २५५ किलोओहम. ब्रिजला टोन नाही, जुन्या वायरिंगसारखंच. केबल ४ मीटर.

१०० हर्ट्झला नेक २.३१ हेन्री, मिडल २.३३, ब्रिज ४.०. १ किलोहर्ट्झला नेक आणि मिडल जवळपास तेवढेच, ब्रिज ३.३ वर घसरतो.

एक सांगायचं राहिलं. दांड्या बाराच पुरल्या. ब्रिजच्या सहा नंतर दुसरीकडून घेतल्या, तिथेही ‘ॲल्निको’ म्हणूनच दिल्या. रंग जरा जास्त चकचकीत आहे.

नारायणपेठी

मग सापडलं. त्या दांड्या ॲल्निको नाहीत, साधं पोलाद आहे.

इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. ८००० ला २.३, तर ८६०० ला २.६५ हवा. तुमचा आला ४.०. दीडपट वाढ तारेने होत नाही, ती गाभ्यामुळे होते. ॲल्निकोतून चुंबकीय रेषा सहज जात नाहीत, मऊ पोलादातून धावतात. शिवाय पोलादात भोवरा-प्रवाह फिरतात, म्हणून वारंवारता वाढली की इंडक्टन्स घसरतो. तुमचा ४.० चा ३.३ झाला तो त्यामुळेच. आता कानावर काय येतं ते बघा. गुंडाळी आणि ४ मीटर केबल मिळून ५०० पिकोफॅरड धरले, तर नेकचं शिखर, म्हणजे आवाज सर्वांत उठतो ती वारंवारता, ४.७ किलोहर्ट्झला पडतं. ब्रिजचं ४.४ ला पडायला हवं होतं, ते ३.६ ला पडतंय, आणि भोवरा-प्रवाहांनी ते चपटंही केलंय. हीच तुमची घोंगडी.

आवाज कमी का, तर मऊ पोलाद निओडिमियमने भारलं तरी चुंबकत्व धरून ठेवत नाही. आखूड दांडी तर स्वतःच स्वतःला उतरवते. त्यात ब्रिजपाशी गिटारच्या तारेचा झोका मुळात लहान.

खात्रीसाठी कानस घ्या. गुंडाळीला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, नाहीतर कीस चुंबकाला चिकटून आत शिरेल. दांडीच्या खालच्या तोंडावर कानस मारा. पोलाद असेल तर कानस धरते आणि चमकदार ओरखडा उठतो. ॲल्निको कठीण आणि ठिसूळ असतं, कानस घसरते, फार जोर लावला तर कोपरा टवका होऊन उडतो.

लांब_केबल

शिखराचा विषय निघालाच आहे म्हणून: १० मीटरची केबल लावली, तर नेकचं शिखरही ३.२ किलोहर्ट्झवर येतं. मीटरमागे १०० पिकोफॅरड हे केबलला साधारण पकडा. पिकअपची चाचणी नेहमी एकाच केबलवर करावी, नाहीतर दोन संचांची तुलना म्हणजे दोन केबलींची तुलना होते.

दुसरा_फ्रेट

पण हाताने विस्कळीत गुंडाळलेल्या पिकअपचा मोकळेपणा तुम्ही गणितात धरतच नाही. मशीनच्या गुंडाळीला तो येत नाही.

नारायणपेठी

येतो हो, थोडा. वेढे एकमेकांवर तिरके पडले की गुंडाळीची स्वतःची कपॅसिटी काही पिकोफॅरडने उतरते. केबलचे ४०० समोर असताना तो फरक किती ऐकू येईल, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते जुन्या संचांतला वेगळेपणा तारेचं आवरण, वेढ्यांची संख्या आणि चुंबक यांनी जास्त येतो. फेंडरकडे १९६४ च्या सुमारापर्यंत जाड फॉर्मव्हार आवरणाची तार होती, पुढे साधं एनॅमल आलं. आवरण जाड असलं की गुंडाळी फुगीर होते, वेढे एकमेकांपासून लांब राहतात. आणि जुन्या गिब्सनच्या हंबकरांत (जोड-गुंडाळीच्या पिकअपांत) दोन गुंडाळ्या क्वचितच सारख्या निघायच्या, कारण ठरलेल्या वेढ्यांवर मशीन आपोआप थांबत नव्हतं. त्याला आता लोक कारागिरी म्हणतात.

तारयंत्र

कानस मारली. लगेच धरली, चकचकीत ओरखडा आला. नेकच्या दांडीवर घसरली. पोलादच आहे.

आता त्या दांड्या ठोकून काढून ॲल्निको बसवता येतील का?

भोसरी_लेथ

नाही. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये तार थेट दांड्यांवरच गुंडाळलेली असते, मध्ये बॉबिनची भिंत नाही. दांडी हलली की आतले वेढे तुटतात. एवढं नक्की.

तात्पुरतं वाजवायचं असेल तर खाली सिरॅमिकचं पट्टीचुंबक चिकटवा. स्वस्त स्ट्रॅटमध्ये हीच रचना असते. जोर येईल, पण इंडक्टन्स ४ हेन्रीच राहील, त्यामुळे जुना आवाज विसरा. नाहीतर नव्याने गुंडाळा.

नव्याने करताना पट्ट्यांची भोकं दांडीपेक्षा किंचित कमी ठेवा, साधारण ०.०५ मिमी. दांडी हलक्या हाताने ठोकून घट्ट बसली पाहिजे. भोसरीत लेझरवर कापून घेतलं तरी कडा जळून भोक मोठं होतं, म्हणून आधी एक तुकडा कापून तपासा. पावसाळ्यात फायबर पाणी पिऊन वाकतं. कापलेल्या पट्ट्या दोन काचांमध्ये वजनाखाली ठेवा.

दांड्या बसल्यावर त्यांच्यावर लाखेचा पातळ हात किंवा कापडी टेपचा एक वेढा द्या. जुने पिकअप मरतात ते बहुतेक इथेच: दांडी गंजते, तिला टेकलेली तार हिरवी पडते आणि सुरुवातीचं टोक तुटतं.

ताणाचं सांगतो. ही तार सत्तर ग्रॅमच्या आसपास तुटते. ताण वीस-पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा. जास्त ओढली तर तार लांबते, बारीक होते, ओहम वाढतात आणि गुंडाळी दोन्ही पट्ट्यांना बाहेर ढकलते. बोटांऐवजी नमद्याच्या दोन तुकड्यांमधून तार सोडा, बोटाला घामही येणार नाही. वेग मिनिटाला सहाशे ते आठशे फेरे पुरे. वेढे मोजायला फिरत्या तबकडीवर छोटं चुंबक आणि त्यासमोर रीड स्विच, त्याच्या दोन तारा साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ कळीला जोडा. १ + १ दाबून सोडा, पुढे प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. फार वेगात तो फेरे गाळतो, म्हणूनही वेग कमी ठेवा.

टोकांना डाक देताना लक्ष ठेवा. मोटरच्या तारेचं आवरण नुसत्या डाकेच्या उष्णतेने जळत नाही. बारीक पॉलिशपेपर घडी करून तार त्यातून दोन-तीनदा हलकेच ओढा, तांबं दिसलं की डाक द्या. नाहीतर डाक वरवर बसते आणि पंधरा दिवसांनी पिकअप कधी बोलतो, कधी मुका होतो.

नारायणपेठी

दुसऱ्या आणि चौथ्या खाचेच्या पातळपणाबद्दल. तिथे मिडलचा फेज इतरांच्या विरुद्ध आहे, म्हणजे त्याच्या लहरी इतरांच्या उलट चढतात-उतरतात. उपाय कोणता ते हम (विजेची घूं-घूं) सांगेल. त्या खाचेत आवाज पातळ आणि हम नेहमीइतकीच असेल, तर मिडलच्या दोन तारा फक्त अदलाबदल करा. फेजही जुळेल, हमही जाईल. आवाज पातळ आणि हमही कमी असेल, तर तारांना हात लावू नका, मिडलच्या दांड्या उलट्या दिशेने भारा. १९५४ च्या मूळ संचात असला उलटा मिडल नव्हता, आणि पाच खाचांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. अगदी जुनंच हवं असेल, तर तिन्ही सारखे ठेवून हमबरोबर संसार करायचा.

भारायला दोन मोठे निओडिमियम ठोकळे व्हाइसच्या दोन जबड्यांवर, परस्परांना ओढणाऱ्या बाजू समोरासमोर, मध्ये गुंडाळलेला पिकअप उभा सरकेल एवढी फट. ठोकळे एकमेकांवर झेपावले तर बोट चिरडतं, म्हणून मध्ये लाकडी ठोकळा अडकवूनच काम करा. नंतर होकायंत्राने सहाही दांड्या तपासा.

स्वरमेण

शिट्टीवर मेण हाच उपाय. गुंडाळीतले सैल वेढे हलतात आणि मायक्रोफोनसारखे वागतात. ८० टक्के पॅराफिन आणि २० टक्के मधमाशीचं मेण घ्या. नुसतं पॅराफिन ठिसूळ होऊन तडकतं, मधमाशीच्या मेणाने ते चिवट राहतं. पातेल्यातल्या गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवा, थेट गॅसवर कधीही नाही, वाफ पेट घेते. थर्मामीटर आत सोडून ६० ते ६५ अंश राखा. ७० च्या वर गेलात तर फायबर वाकतं, आणि प्लॅस्टिक बॉबिनचा पिकअप असेल तर बॉबिन मऊ पडतं.

पिकअप बुडवला की बुडबुडे निघतात. ते थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं, ठेवा. बाहेर काढून दांड्यांच्या डोक्यांवरचं मेण पुसून टाका. शिट्टी तरीही राहिली, तर पिकअप धरणाऱ्या स्प्रिंगा आणि प्लॅस्टिकची टोपी तपासा. टोपीच्या आतही मेणाचा पातळ थर चालतो.

लांब_केबल

बसवताना उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी. ॲल्निको ५ याहून जवळ आणलं तर चुंबक तारच ओढतं, जाड ‘ई’ वरच्या फ्रेटवर दोन सुरांत थरथरते आणि माणूस उगाच ब्रिजचं सॅडल फिरवत बसतो.

तारयंत्र

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या-चौथ्या खाचेत हम नेहमीइतकीच आहे, म्हणजे ताराच बदलतो. ब्रिज नव्या दांड्यांवर पुन्हा ८६०० ने गुंडाळतो. मेणातून काढल्यावर एकदा ओहम तपासले की टोपी लावून बंद करेन.

नारायणपेठी

लगेच नको. साठ अंशांना तोच ब्रिज सव्वाआठ दाखवेल आणि तुम्ही पुन्हा वेढे उलगडायला बसाल. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी मोजा, आणि तेव्हा खोलीचं तापमानही आकड्याशेजारी लिहून ठेवा.