मदत हवी आहे: सायकल स्टँडमध्ये अंतर किती ठेवावं?

ऑफिसच्या तळमजल्यावर 40 सायकलींची सोय करायची आहे. फक्त पुढचं चाक अडकवायचे स्टँड नकोच. सायकल कलंडली की सगळा भार रिमवर येतो, आरे वाकतात आणि कुलूप फ्रेमपर्यंत पोचतच नाही. म्हणून उलट्या यू आकाराचे 20 पाइप ठरवलेत: 50 मिमी व्यास, जमिनीपासून 75 सेंमी उंच, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सायकल.

अडचण अंतराची आहे. पाइप लावायला साडेपंधरा मीटर मिळतात. 1 मीटर अंतर ठेवलं तर 16च बसतात. 80 सेंमीवर आणलं तर 20 बसतात, पण शेजारच्या सायकलींची हँडल एकमेकांत अडकतात (साधं हँडलच 60 सेंमीच्या आसपास असतं). मग लोक एकच बाजू वापरतात आणि निम्मी सोय वाया जाते. एकाआड एक सायकल उलट तोंडाने लावली तर जमेल का? की दुमजली रॅक बरा? पण 20-25 किलोची ई-सायकल वर चढवणार कोण?

शिवाय कोबा 10 सेंमीचाच आहे. बेसप्लेट आणि अँकर बोल्ट पुरतील, की पाइप काँक्रीटमध्ये गाडावेत? साधे बोल्ट पान्याने सहज खोलता येतात, त्याचीच धास्ती वाटते.