वॉल्टन जास्त बोलायचा? बोलू दे की!

सॅनहोजेकर: काल चेंडूवेडा यांनी लिहिलं की अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन म्हणजे 'अर्धवट खेळाडू आणि बोलघेवडा समालोचक', आणि २०२४ मध्ये तो गेल्यापासून चाललेलं कौतुक हा निव्वळ मयताचा शिष्टाचार. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

अर्धवट? १९७३ ची कॉलेज फायनल, मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ पैकी २१ बास्केट, ४४ गुण. १९७७ ला पोर्टलंडला एनबीएचं (अमेरिकेची व्यावसायिक लीग) विजेतेपद, पुढच्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. मग पायाच्या हाडांनी दगा दिला, सबंध सीझन बाहेर गेले. तरी १९८६ ला बोस्टनकडून बाकावरून उठून येत 'सिक्स्थ मॅन' (सर्वोत्तम राखीव खेळाडू) झाला, विजेतेपदाची दुसरी अंगठी मिळवली. एकूण सामने ४६८ च, मान्य. जाब त्या हाडांना विचारा.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत या माणसाला चारचौघांत न अडखळता एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. एका समारंभात मार्टी ग्लिकमन भेटला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ज्यू म्हणून रिलेतून वगळलेला धावपटू, पुढे न्यूयॉर्कचा नामांकित समालोचक. त्याने सांगितलं: विचार सावकाश कर, मोठ्याने वाच, जबड्यासाठी च्युइंगगम चघळ. झालं, गाडी रुळावर! पुढे एनबीसी, ईएसपीएन या वाहिन्यांवर समालोचक.

चेंडूवेडा: डोळे पाणावले. पण मी मॅच बघायला बसतो, चरित्र ऐकायला नाही. मैदानात बोरिस डिओ हा खेळाडू पास देतोय आणि हे महाशय बेथोव्हेनवर! एकदा तर सहसमालोचक डेव्ह पाशच्या शेजारी बसून जळत्या मेणबत्तीसकट कपकेक तोंडात घातला. याला समालोचन म्हणायचं?

छत्रीवाला: सगळ्याच खेळांत हेच. निवृत्त झाला की दे माइक. आपल्या क्रिकेटवाल्यांचं ऐका, 'आमच्या वेळी' सोडून...

सॅनहोजेकर: छत्रीवाले, क्रिकेट इथेही? निदान एक धागा सोडा!

बाकावरची: 'झालं, गाडी रुळावर' असं लिहू नका हो. मी स्वतः अडखळते. आठवीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं, 'प' वर अडकले. मागून कुणीतरी म्हणालं, 'पंप सुरू झाला.' दहावीपर्यंत माझं नाव पंप. घरी तोंडात खडे धरून वाचायला लावलं, उपयोग शून्य. आजही फोन वाजला की कापते आणि मेसेज करते. वॉल्टनही स्वतःला अडखळणाराच म्हणवायचा.

सॅनहोजेकर: ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं.

बाकावरची: तसंच लिहिलंय. वर जाऊन वाचा.

छत्रीवाला: श्वासाचे व्यायाम करून बघा. माझ्या भाच्याचं सहा महिन्यांत गेलं.

बाकावरची: आला सल्ला! अजून कसा नाही आला म्हणतच होते. भाच्याला विचारा, गेलं की तो तुमच्यासमोर बोलायचा बंद झाला.

छत्रीवाला: चांगलं सांगायला गेलो तर अंगावर येता!

चेंडूवेडा: म्हणजे आता वॉल्टनवर टीका केली की मी अडखळणाऱ्यांचा शत्रू? बोलायला शिकला म्हणून तो जे बोलेल ते मी गोड मानून घ्यायचं?

बाकावरची: मुळीच नाही. त्याची बडबड माझ्याही डोक्यावरून जायची. इथे सिएटलला रात्री उशिरा पॅक-१२ च्या (पश्चिमेकडच्या कॉलेजांची लीग) मॅचेस लागायच्या, नवरा आवाज बंद करायचा, मी परत लावायचे. तो एखाद्या शब्दाआधी क्षणभर थबकला की माझा श्वास अडकायचा. आता अडखळतो का? निसटला की पुढची दोन मिनिटं तो काय बोलला ते मला ऐकूच यायचं नाही.

सॅनहोजेकर: 'झालं, गाडी रुळावर' मागे घेतो.

चेंडूवेडा: मग मीही 'अर्धवट' मागे घेतो. 'बोलघेवडा' राहणार. तो स्वतःच म्हणायचा, बोलायला शिकणं ही त्याची सर्वात मोठी कमाई आणि बाकीच्यांसाठी दुःस्वप्न. उत्तरार्धावर माझं आणि त्याचं पूर्ण एकमत.

सॅनहोजेकर: एवढ्यासाठी रात्रीचे दोन वाजवले माझे.