खोबरेल तेलाच्या कुकीज पसरतात त्याबद्दल

दूध-अंड्याशिवायच्या कुकीज करताना तूप-लोण्याऐवजी खोबरेल घातलं की त्या पसरून सपाट होतात, मग काय करायचं, असा प्रश्न आहे. खोबरेल साधारण २४ अंशांनाच वितळतं, त्यामुळे वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. तेलही थिजलेलंच घ्या, पातळ नको. अंड्याऐवजी १ चमचा जवसाची पूड ३ चमचे पाण्यात भिजवा. दहा मिनिटांत ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. खुसखुशीत नानकटाईला मात्र तीही नको, बेसन-रवा पुरे. १७० अंशांवर कडा बदामी झाल्या की काढा, मधे मऊ लागल्या तरी. गार झाल्यावर कडक होतात. आणि डार्क चॉकलेटचं वेष्टन नक्की वाचा हं, त्यातही कधीकधी दूध असतं. मुलाला दुधाची ॲलर्जी असेल तर हे फारच महत्त्वाचं.